लुटुपुटीची लढाई आणि खरा शेजार

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, म्हणजे बेळगावच्या गल्लीगल्लींतून आणि आसपासच्या खेडोपाडी मातीचे ढिगारे दिसू लागतात. शाळेतून सुटलेली मुले दप्तरे कोपऱ्यात टाकतात, दगडविटा गोळा करतात, लाल माती चाळतात, गोणपाट चिखलात बुडवून अंथरतात, आणि पाहता पाहता अंगणात किल्ला उभा राहतो. बुरूज, तटबंदी, महादरवाजा, चोरवाट, तळे आणि माथ्यावर सिंहासन. पायवाटांवर ओळीने मांडलेले मातीचे मावळे. उतारावर मोहरी किंवा हळीव पेरून रान उगविले जाते. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यालगत, मार्कंडेय नदीच्या परिसरात वसलेले उचगावही या किल्ल्यांच्या मुलखातलेच.

या किल्लेकऱ्यांची एक लकब लक्षात ठेवण्याजोगी आहे. गडाचा दरवाजा पुरा झाला, की बांधणारे पोर जमिनीला गाल टेकवून एका डोळ्याने त्यातून आत पाहते. आपण बोटभर व्हावे, या दरवाजातून आत शिरावे आणि त्या सोपानावरून वर चढून जावे, अशी त्याची इच्छा असते. मिसरूड फुटली, म्हणजे ही इच्छा नाहीशी होते असा मोठ्या माणसांचा समज आहे. वस्तुतः ती नाहीशी होत नाही, तिला केवळ लाज वाटू लागते. ही लाज बाजूस ठेवून, प्रौढ स्त्री-पुरुषांनी एकत्र यावे, मध्ययुगीन वेष चढवावा, आपापल्यासाठी एक नाव व एक भूमिका घ्यावी, आणि एका कल्पित राज्यात एक-दोन दिवस खरोखर वावरावे, असा एक खेळ गेल्या अर्धशतकात जगभर रुजला आहे. इंग्रजीत त्यास 'लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग' किंवा संक्षेपाने 'लार्प' म्हणतात. मराठीत त्यास सोंगाचा डाव म्हणावयास हरकत नसावी. सोंग हा शब्द भारुडामुळे आणि शिमग्यामुळे आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

सोंगाचा डाव म्हणजे नाटक नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नाटकात संहिता असते, ती पाठ करावी लागते, आणि समोर प्रेक्षक असतात. या डावात प्रेक्षक नाहीत. जो आला तो सोंगासहच आला. संहिताही नाही. प्रत्येकास एवढेच ठाऊक असते, की आपण अमुक गावचा लोहार, अमुक गडाचा हवालदार, किंवा राजद्रोहाच्या आळामुळे परागंदा झालेला कारकून आहोत, आणि आपणांस अमुक गोष्ट साधावयाची आहे. पुढे काय होईल ते कोणी लिहून ठेवलेले नसते. हवालदाराने लाच घेतली तर गड पडेल, न घेतली तर राहील. मैदानी खेळाप्रमाणे येथे नियम आहेत, पंच आहेत, धावपळ आहे. आणि नाटकाप्रमाणे येथे बोलणे आहे, राग-लोभ आहेत, वेष आहे. दोहोंच्या सीमेवर हा खेळ उभा आहे.

याचा पाश्चात्त्य इतिहास फार जुना नाही. १९६६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातल्या बर्कली येथे, एका घराच्या परसात काही मध्ययुगप्रेमी मंडळींनी जुन्या सरदारांचे वेष करून द्वंद्वांचा एक मेळा भरविला. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम' ही संस्था निघाली. तिच्या शाखांना आजही 'राज्ये' म्हणतात, आणि त्यांचा राजा शस्त्रांच्या स्पर्धेने ठरतो. तिचा कल इतिहासाकडे होता. दुसरीकडे टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही बृहत्कथा १९५४ व १९५५ या वर्षांत प्रसिद्ध झाली होती, आणि तिच्या वाचकांना राक्षस, वनवासी जमाती व मंत्रतंत्र यांनी भरलेल्या कल्पित मध्ययुगाची गोडी लागली होती. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळावयाचा भूमिकांचा खेळ निघाला. मग टेबल सोडून रानात जाण्यास फार काळ लागला नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत 'डागोरहिर' आणि १९८३ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे 'ॲम्टगार्ड' हे मऊ शस्त्रांच्या लढायांचे खेळ सुरू झाले. इंग्लंडात १९८२ साली चेशर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' या नावाने असाच खेळ चालू झाला. गंमत अशी, की तो किल्लाही एकोणिसाव्या शतकात जुन्या किल्ल्याची नक्कल म्हणून बांधलेला होता. जर्मनीत ब्रोकेलो या खेड्याजवळ दर उन्हाळ्यात भरणाऱ्या मेळ्यास हजारो खेळाडू येतात, तर कॅनडातील क्वेबेक प्रांतात 'बिकोलिन' नावाच्या जागी खेळाडूंनी स्वतः घरे बांधून मध्ययुगीन धाटणीचे एक गावच वसविले आहे.

हे सर्व ऐकून, 'हा तर साहेबांच्या देशातला रिकामटेकड्यांचा उद्योग' असे कोणी म्हणेल. परंतु या खेळाची सारी मुळाक्षरे मराठी मुलांच्या खेळांत पूर्वीपासून आहेत. भातुकली हा सोंगाचाच डाव नव्हे काय? त्यात आई, बाबा, पाहुणे, लग्नाचे वऱ्हाड अशी सोंगे मुले घेतात आणि नसलेला चहा पिऊन 'साखर जास्त झाली' असेही सांगतात. लपंडावात ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' आले असे म्हणतात. म्हणजे राज्य हे सुख नसून जबाबदारी आहे, हे आपल्या पोरांनी कधीच ओळखले आहे. पाय मुरगळला, चप्पल तुटली किंवा आईने हाक मारली, की 'टाइमप्लीज' एवढा शब्द उच्चारावा, आणि मग तेवढ्यापुरते कोणी त्याला शिवावयाचे नाही. पाश्चात्त्य सोंगवाल्यांनी डाव तत्काळ थांबविण्यासाठी जे खुणेचे शब्द ठरविले आहेत, त्यांचे काम याहून वेगळे नाही. आणि मोठ्यांच्या घोळक्यात धाकटे भावंड आले, तर त्यास 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यावयाचे. त्याने खेळावे, पण तो बाद व्हावयाचा नाही. दुबळ्यास खेळाबाहेर न घालविता खेळात ठेवण्याची एवढी सुटसुटीत युक्ती मोठ्यांच्या नियमपुस्तकांतही क्वचितच सापडेल.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ साली मानवाच्या क्रीडावृत्तीवर एक ग्रंथ लिहिला. खेळ हा नित्याच्या व्यवहारापासून वेगळ्या आखलेल्या जागेत व वेळेत चालतो आणि त्या सीमेच्या आत निराळे नियम लागू होतात, हे त्याचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्या आखलेल्या जागेस 'रिंगण' म्हणतात. रिंगणात मारलेला शत्रू रिंगणाबाहेर शेजारी असतो. ही सीमा सर्वांना स्पष्ट दिसणे, हेच या खेळाचे मर्म होय.

प्रौढांच्या सोंगाचाही बेळगाव परिसरास मोठा सराव आहे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव झाला, आणि पुढे तो महाराष्ट्रभर व सीमेवरच्या मराठी मुलखात पसरला. बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाखात साजरी होते, आणि तिची चित्ररथ मिरवणूक हे तेथील मोठे वैशिष्ट्य आहे. गल्लीगल्लींची मंडळे शिवचरित्रातील एकेक प्रसंग निवडतात. अफझलखानाची भेट, आग्र्याहून सुटका, पावनखिंडीतील बाजीप्रभूंचे झुंज असे सजीव देखावे वाहनांवर उभे केले जातात. दिव्यांच्या झगमगाटात ते रात्रभर शहरातून फिरतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसे पहाटेपर्यंत तिष्ठत उभी असतात. गावोगावचे तरुण एखाद्या गडावरून ज्योत पेटवून ती पाळीपाळीने हातात घेऊन धावत आपल्या गावी आणतात. या सर्वांमागे काही महिन्यांची तयारी असते. वर्गणी गोळा करणे, शिंप्याकडे अंगरखे टाकणे, पुठ्ठ्याच्या ढाली रंगविणे, मिशा चिकटविणे, तालमी, आणि कोणी महाराज व्हावयाचे यावरून एखादा रुसवा. मंडळी जमविण्याची जी विद्या सोंगाच्या डावास हवी, ती या मंडळांपाशी तयारच आहे.

मग उणे काय आहे? चित्ररथ हा पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याचा शेवट आधीच ठरलेला आहे. बाजीप्रभू खिंडीत पडणारच, महाराज विशाळगडी पोहोचणारच. तेथे सोंग घेणाऱ्यास निवड करावयाची नसते, आणि असूही नये. कारण ते पूर्वजांचे स्मरण आहे, खेळ नव्हे. सोंगाच्या डावात मात्र प्रत्येक क्षणी निवड करावी लागते आणि तीतच त्याचे शिक्षण आहे. म्हणूनच या डावासाठी खरा इतिहास न घेता कल्पित राज्य घेणे श्रेयस्कर ठरते. शिवरायांचे सोंग घेऊन कोणी ऐनवेळी चुकीचा निर्णय केला, तर ते कोणासही रुचणार नाही, आणि न रुचणेच योग्य.

दुसरे कारण याहून नाजूक आहे. लढाई म्हटली, की दोन पक्ष आले. इतिहासातील लढाई खेळावयाची झाल्यास शत्रूचे सोंग कोणी घ्यावयाचे? सीमाभागातील गावांत मराठी, कन्नड व दख्खनी बोलणारी, हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान व ख्रिस्ती माणसे एकाच बाजारात भाजी घेतात. एखाद्या मुलास त्याच्या आडनावावरून किंवा धर्मावरून 'तू त्या बाजूचा' असे सांगितले गेले, तर डाव संपला तरी तो शब्द त्याच्या मनातून जाणार नाही. इतिहास स्वतः इतका सरळ नसतो. १६७८ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मराठ्यांच्या फौजेशी बेलवडीच्या मल्लम्मा देसाई यांनी मोठ्या शौर्याने झुंज दिली. ती गढी आजच्या बेळगाव जिल्ह्यातलीच, आणि तिच्या शौर्याचा मान मराठी माणूसही राखतो. तेव्हा कोणता पक्ष आपला, या प्रश्नाचे उत्तर या मातीत एका शब्दात देता येत नाही. कल्पित राज्यात ही अडचण उरत नाही. तेथील दोन्ही गड सर्वांचे असतात, आणि कोण कोणत्या गडावर जाईल हे चिठ्ठी टाकून ठरविता येते.

कल्पित राज्यामुळे इतिहासाची आवड कमी होईल, अशी शंका काही पालकांस व शिक्षकांस येईल. तिचे उत्तर याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ साली प्रसिद्ध झाली, आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिची गणना होते. तिच्यातील काळ शिवकाल आहे, पण कथा बहुतांशी कल्पित आहे. तिच्यापासून निघालेल्या वाटेवर पुढे हरिभाऊ आपटे व नाथमाधव आले, आणि त्यांच्या कादंबऱ्यांनी महाराष्ट्रातील वाचकांना खऱ्या इतिहासाची तहान लावली. कल्पित गडाच्या पायऱ्या चढलेला मुलगा खऱ्या गडावर गेला, म्हणजे तेथील चोरदरवाजा, पाण्याची टाकी आणि तटातील जंग्या अधिक जाणतेपणाने पाहतो. गडावर शिबंदीला पाणी किती लागते, हा प्रश्न त्याला एव्हाना स्वतःच पडलेला असतो.

आता असा समाज प्रत्यक्ष कसा उभारावयाचा, ते पाहू. उचगावसारख्या गावी दहा-बाराजणांनी आरंभ करणे पुरेसे आहे. शंभरजणांचा आरंभ सभेत होतो आणि सभेतच संपतो. या दहा-बाराजणांनी प्रथम राज्य रचावे. पण ते लहान असावे. दोन गड, मधला एक बाजार, एक नदी, एक जुने भांडण, एवढे पुष्कळ झाले. अद्भुताचा भाग आपल्याच कथांतून घ्यावा. वेताळपंचविशीतला वेताळ, आजीच्या गोष्टींतील चेटकीण, पाताळातला नाग, बोलणारा पोपट यांना सोडून पाश्चात्त्य राक्षस आयात करण्याचे कारण नाही. मात्र गावदेवीचे किंवा कोणत्याही धर्मातील पूजेचे सोंग डावात आणू नये. श्रद्धेचे स्थान रिंगणाबाहेर आहे.

जागेची अडचण खेड्यात कमी. सुगी आटोपल्यावर मोकळी पडलेली शेते किंवा गायरान मिळू शकते. तथापि मालकाची परवानगी, ग्रामपंचायतीस कळविणे आणि पोलिसांस पूर्वसूचना देणे ही तीन कामे टाळू नयेत. पन्नास माणसे ढाली-तलवारी घेऊन माळावर धावताना दिसली, तर रस्त्याने जाणाऱ्यास भलतीच शंका येणे स्वाभाविक आहे. खऱ्या शस्त्रास या डावात मुळीच स्थान नाही. १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा लागू आहे, पण कायदा नसता तरी हा नियम पाळावाच लागला असता.

खेळातील शस्त्र कसे असावे, याचा धडाही आपल्या आखाड्यात आहे. मर्दानी खेळांत पट्टा व तलवार हाती देण्यापूर्वी फरीगदगा शिकवीत. गदगा म्हणजे चामड्याने मढविलेली काठी, आणि फरी म्हणजे हाती धरावयाची लहान ढाल. वार लागावा, पण इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू. आजच्या सोंगवाल्यांनी चामड्याच्या जागी फोम आणला, एवढाच फरक. हलक्या प्लॅस्टिकच्या नळीवर फोमचे जाड वेष्टण चढवितात व वरून कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. बांबू घेऊ नये, कारण तो पिचला म्हणजे त्याची सल अंगात जाते. टोकास फोमची जादा गादी हवी, म्हणजे आतील नळी कधीही बाहेर डोकावणार नाही. प्रत्येक डावाच्या आरंभी सर्व शस्त्रे एका माणसाने हाताने दाबून तपासावीत, आणि जे शस्त्र त्याने बाजूस ठेवले, त्याबद्दल वाद घालू नये. डोके, मान व गुप्तांग यांवर वार करावयाचा नाही. मंत्र टाकावयाचा झाल्यास कापडाचा रंगीत चेंडू फेकावा. तो ज्यास लागला तो मंत्राने बांधला गेला.

यानंतरचा नियम दिसावयास किरकोळ, पण साऱ्या खेळाचा कणा आहे. वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्याने सांगावयाचे. मारणाऱ्याने ओरडावयाचे नाही, आणि पंचाने सहसा मध्ये पडावयाचे नाही. हातावर वार बसला तर तो हात पाठीमागे घ्यावा, छातीवर बसला तर खाली बसावे. 'लागलंच नाही' असे म्हणणारा एखादा प्रत्येक गावी असतो. त्याच्यावर आरडाओरड करण्याऐवजी डाव संपल्यावर एखाद्या वडील माणसाने त्यास बाजूस घेऊन 'बाळा, मघाशी तुला दोनदा लागलं होतं रे' एवढेच म्हणावे. बहुधा ते पुरते. पुरले नाही, तर पुढील डावात त्यास लढवय्याचे सोंग न देता बाजारातील सावकाराचे द्यावे. तेथे खोटे बोलणे हा गुणच ठरतो, आणि त्याच्या अंगचे कौशल्य वाया जात नाही.

डाव चालविणाऱ्यास सूत्रधार म्हणावे. त्याने स्वतः राजा होऊ नये. जो नियम करतो तोच राज्य करू लागला, तर इतरांस खेळण्यात रस राहत नाही. अशी मंडळी विस्कटण्याची दोन कारणे ठळक दिसतात. एक, सूत्रधार आपल्या मित्रांस चांगली सोंगे देतो. दुसरे, वर्गणीचा हिशेब वहीत न राहता कोणाच्या तरी डोक्यात राहतो. पहिल्यावर उपाय, सूत्रधार दरवर्षी पालटावा. दुसऱ्यावर उपाय, हिशेब प्रत्येक डावाच्या शेवटी सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. नियमांची वही जाड होत चालली, तर समजावे की माणसांचा एकमेकांवरील विश्वास रोडावत चालला आहे.

खर्चाचा प्रश्न विचारपूर्वक सोडविला पाहिजे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचे कवच चकाकणार, आणि शेतमजुराचा मुलगा शाळेच्या गणवेशातच उभा राहणार, असे झाले तर तो पुन्हा येणार नाही, आणि का आला नाही हेही सांगणार नाही. यासाठी वेषांची पेटी सामाईक असावी. आजोबांचे जुने धोतर, आजीच्या फाटक्या इरकली लुगड्याचा पदर, घोंगडे, मुंडासे, गोणपाट यांतून सरदारापासून साधूपर्यंत सर्वांचा वेष होतो. गावातील शिंपी, सुतार, कुंभार यांना केवळ काम न सांगता खेळातच घ्यावे. खऱ्या कुंभाराने बाजारातील कुंभाराचे सोंग घेतले, म्हणजे शहरात शिकावयास गेलेला मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसून चाक कसे फिरवावे ते विचारू लागतो. एरवी असा प्रसंग येतोच असे नाही.

मुलींना या डावात केवळ राणी किंवा पळवून नेलेली राजकन्या करावयाचे असेल, तर त्या न आलेल्याच बऱ्या. कल्पित राज्याचा लाभ हाच, की तेथे किल्लेदार, वैद्य, हेर, व्यापारी, न्यायाधीश यांपैकी कोणतेही सोंग कोणीही घ्यावे. त्यासाठी डाव दिवसाउजेडी असावा, घरची वडील माणसे हवी तेव्हा येऊन पाहू शकतील असा असावा, आणि 'टाइमप्लीज'चा शब्द उच्चारताच कोणत्याही कारणाची विचारपूस न करता सर्वांनी थांबावे. लढाईचे अंग नसलेल्या आजी-आजोबांनाही काम आहे. वाटेवरची जोगीण, राजाचा जुना कारभारी, नव्वद वर्षांमागचे भांडण ठाऊक असलेला गावचा म्हातारा, ही सोंगे त्यांच्याइतकी कोणास साधणार? दुसऱ्या राज्याची भाषा कन्नड ठरविली, तर दुभाष्याचे पद निर्माण होते, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलावाचून तहाची बोलणीच अडून राहतात.

सीमेच्या भांडणाचा खेळ होऊ शकतो, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात दिवाडी बेटावर पाहावयास मिळते. तेथे ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी 'बोंदेराम' हा उत्सव होतो. पोर्तुगीज अमदानीत वाड्यावाड्यांमधील हद्दीचे तंटे मिटविण्यासाठी हद्दींवर निशाणे लावण्याची प्रथा पडली, आणि रहिवाशांनी ती निशाणे दगड मारून पाडली, असे सांगतात. आज त्याच तंट्याचे सोंग निघते. निशाणांची मिरवणूक, चित्ररथ, आणि वेळूच्या नळीतून फळांच्या गोळ्या मारणारे 'फोटाश' नावाचे खेळण्यातले शस्त्र. ज्या हद्दीसाठी पूर्वजांनी दगड उचलले, तिच्यासाठी आता नातवंडे रानफळे मारतात, आणि दोन्ही वाड्यांचे लोक नंतर एकत्र गातात-नाचतात. तंटा विसरला गेलेला नाही. त्याची आठवण आहे, पण तिला आता दात राहिलेले नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून उचगाव व आसपासची मराठी गावे सीमेचा प्रश्न रोज जगत आली आहेत. रस्त्याने थोडे पश्चिमेस गेले, की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र लागतो. सोयरीक, बाजार आणि देवदर्शन तर दोहोंकडे. सोंगाच्या डावाने तो प्रश्न सुटेल, असे कोणीही म्हणणार नाही. न्यायाची मागणी खेळाने भागत नाही. परंतु मागणी मागणीच्या जागी ठेवून शेजार शेजाराच्या जागी राखणे, ही जी कसरत सीमेवरील माणसास आयुष्यभर करावी लागते, तिचा सराव या रिंगणात होतो. दिवसभर ज्याच्याशी तलवारीला तलवार लावली, त्याच्याच ताटाला ताट लावून संध्याकाळी भाकरी-पिठले खाणे, हा डावाचा शेवटचा नियम होय. तो वहीत सर्वांत वर लिहावा. जेवणाच्या वेळी मुंडासी उतरवावीत, सोंगातील नावे टाकून खऱ्या नावांनी हाका माराव्यात, आणि आज कोणी कोणास चकविले त्याच्या गोष्टी सांगाव्यात. जेवण न करता घरी निघालेल्यास मागे फिरवून आणावे. राग असेल तर तो त्या ताटावरच बाहेर पडतो.

शिक्षण आटोपले, की सीमाभागातील अनेक तरुण नोकरीधंद्यासाठी पुणे, मुंबई वा गोव्याकडे वळतात. सणासुदीला ते परत येतात, तेव्हा गावात त्यांना भेटावयास एक निमित्त लागते. हा डाव असे निमित्त होऊ शकेल. त्यासाठी फार भांडवल नको. यंदाच्या दिवाळीत ज्या अंगणात सर्वांत चांगला किल्ला उभा राहील, त्याच्याभोवती पाडव्याच्या संध्याकाळी दहा-बारा थोरामोठ्यांनी बसावे, मुलांना त्या गडाचे नाव विचारावे, किल्लेदार कोण आणि शेजारच्या गडाशी त्याचे भांडण कशावरून आहे तेही विचारावे. मुलांना सर्व ठाऊक असते. ती सांगतील ते वहीत उतरून घेतले, की राज्याचा नकाशा तयार झाला. पुढे फोम आणावयास बेळगावच्या बाजारात कोणी जावयाचे, एवढेच ठरवावयाचे राहते.